काढलेल्या दातांची बरणी

प्रश्न : माझी मुलगी यंदा बीडीएसला लागली. सासरे म्हणतात, दाढ काढायला पुरुषाचाच हात लागतो. पहिली स्त्री दंतवैद्य कोण होती? तिलाही असं ऐकावं लागलं असेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ऐकावं लागलं की! तेही घरातच. अमेरिकेतली पहिली स्त्री दंतवैद्य मानली जाते ती एमेलिन रॉबर्ट्स. कनेक्टिकट राज्यात तिचं १८५४ साली डॅनियल जोन्स या दंतवैद्याशी लग्न झालं. तिलाही काम शिकायचं होतं. पण बाईच्या नाजूक बोटांना ते झेपायचं नाही, असं नवऱ्याचं मत. एमेलिनने वाद घातला नाही. त्याने काढलेले दात ती गुपचूप गोळा करायची आणि त्यांतल्या किडीच्या पोकळ्या भरायचा सराव करायची. असे शेकडो दात साठल्यावर तिने बरणीच त्याच्यापुढे ठेवली. १८५५ पासून ती त्याच्या जोडीने रुग्ण पाहू लागली. १८६४ मध्ये नवरा वारला, तेव्हा कुठेही नेता येईल अशी खुर्ची घेऊन ती गावोगाव हिंडली. पुढे न्यू हेवनला दवाखाना चालवला, तो १९१५ पर्यंत.

मात्र एमेलिनकडे पदवी नव्हती. दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे लुसी हॉब्ज. १८६१ मध्ये ओहायोच्या दंतमहाविद्यालयाने, बाई म्हणून, तिला प्रवेश नाकारला. मग तिने सरळ पाटीच लावली! आधी सिनसिनाटीत, नंतर आयोवात. १८६५ मध्ये आयोवाच्या दंतवैद्य संघटनेने तिला सभासद करून घेतलं आणि त्याच महाविद्यालयाचं दार उघडलं. आधीचा अनुभव धरल्यामुळे काही महिन्यांतच, २१ फेब्रुवारी १८६६ रोजी, तिच्या हाती पदवी पडली. लग्नानंतर तिने नवऱ्यालाही ही विद्या शिकवली. तो आधी रेल्वेचे डबे रंगवायचा.

आपल्याकडे मुंबईत १९२३ साली फातिमा जिना (मोहम्मद अली जिनांच्या बहीण) यांनी दातांचा दवाखाना थाटला होता, हेही सासऱ्यांच्या कानावर घाला.

आता दाढ काढायला पुरुषाचा जोर लागतो, या समजुतीविषयी. माझी तीस वर्षं दाढा काढण्यात गेली. "सर कधी येणार?" असं विचारणारे पेशंट पुष्कळ भेटले. खुर्चीतून उठताना तेच विचारायचे, "झालं पण?" दात हाडाला चिकटलेला नसतो, बारीक तंतूंनी धरलेला असतो. ते तंतू सैल करायचे, खोबणी थोडी थोडी रुंदावायची, दाढ आपसूक वर येते. नुसता जोर लावला तर मूळ मोडतं, मग तासभर घाम गाळावा लागतो. (हे मी पैलवानी अंगाच्या एका सहाध्यायाकडे पाहून शिकले.)

आणि हो, सरावासाठी लेकीलाही काढलेले दात जमवावे लागतील. आम्ही गावातले दवाखाने पालथे घालायचो. तिला काचेची, घट्ट झाकणाची बरणी द्या. लोणच्याची नको, माझ्या आईने वर्षभर अबोला धरला होता.