आरसीसीबी पडतो, पण मल्टीमीटरचा बजर वाजत नाही. सबमर्सिबलमधली गळती कशी शोधायची?

तुमची अडचण अशी: बोअरमधली ५ एचपी थ्री-फेज मोटर दहा मिनिटं चालते, मग ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीत वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. मल्टीमीटरने फेज ते अर्थ बजर वाजत नाही, आणि वायरमन म्हणतो आरसीसीबीच काढून टाका.

काढू नका, कृपा करून. उन्हाळ्यात सुकलेल्या अर्थिंगचा रोध ६० ओहम धरा. फेज बॉडीला लागला तर २४० भागिले ६०, म्हणजे फक्त ४ अँपिअर जमिनीत जातात. तेवढ्याने फ्यूज उडत नाही. मोटर पाणी देत राहते आणि लोखंडी पाईप, स्टार्टरची पेटी जिवंत राहते. ओल्या पायाने व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

बजर साधारण ५० ओहमच्या आत वाजतो. ३० मिलीअँपिअर गळायला मात्र ८,००० ओहमची वाट पुरते, म्हणून बजर गप्प राहणारच. शिवाय मल्टीमीटरच्या छोट्या बॅटरीच्या दाबाला (व्होल्टेजला) ओलावलेलं इन्शुलेशन तग धरतं, २४० व्होल्टला धरत नाही. यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (जास्त दाब देऊन इन्शुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लागतो.

मेन बंद करून कटआऊट (फ्यूज) काढून खिशात ठेवा. स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या वायरी सोडवा. त्या जोडलेल्या ठेवून मेगर लावला तर सिंगल-फेज प्रिव्हेंटरचं (एखादी फेज गेली तर मोटर बंद करणाऱ्या उपकरणाचं) कार्ड जळू शकतं. मेगरची एक वायर मोटरच्या वायरीला, दुसरी खरवडून स्वच्छ केलेल्या लोखंडी कॉलम पाईपला. पाईप एचडीपीईचा (प्लॅस्टिकचा) असेल तर तो अर्थ देत नाही; तिथे उघडी तांब्याची तार बोअरच्या पाण्यापर्यंत सोडा. एक मिनिट दाब देऊन वाचा. १ मेगओहमच्या खाली आलं तर मोटर चालवू नका. चांगल्या मोटरला दहा-वीस मेगओहमच्या बरंच वर मिळतं. वाचून झाल्यावर वायरी अर्थला टेकवून चार्ज उतरवा.

तुमचा दोष दहा मिनिटांनी दिसतो, म्हणून आरसीसीबी पडल्या पडल्या, मोटर गरम असतानाच मोजा. तापमान १० अंश वाढलं की इन्शुलेशनचा रोध ढोबळमानाने निम्मा होतो. सकाळी थंड मोटर मोजाल तर फसाल. तीन वायरींची मोटर असेल तर तिन्हींवर आकडा सारखाच येईल, कारण त्या आतून जोडलेल्या असतात. स्टार-डेल्टाच्या सहा वायरी असतील तर तिन्ही वायंडिंग सुटी मोजा.

आकडा कमी आला म्हणून लगेच मोटर वायंडरकडे नेऊ नका. बऱ्याचदा दोष पाण्याखालच्या जॉइंटमध्ये किंवा क्लॅम्पपाशी घासलेल्या केबलमध्ये असतो. पंप वर काढताना मेगर जोडलेलाच ठेवा आणि प्रत्येक पाईपनंतर एकदा दाब द्या. त्या वेळी वायरीला कुणाचा हात नको. एखादा पाईप वर आला आणि काटा शून्याजवळून झपकन वर गेला, तर गळती नुकतीच पाण्याबाहेर आली. तेवढाच पट्टा हाताने चाचपा. मोटर पाण्याबाहेर येईपर्यंत काटा हललाच नाही, तर जॉइंट कापून मोटर आणि केबल वेगळी मोजा.

सगळं चांगलं निघालं तर पॅनेल बघा. स्टार्टरची कॉइल किंवा दिवा फेज आणि अर्थवर चालवला असेल, किंवा न्यूट्रल आरसीसीबीला वळसा घालून आणला असेल, तर मोटर निर्दोष असूनही तो पडतो. पण तेव्हा तो दहा मिनिटं थांबत नाही, बटण दाबताच पडतो.

नवा जॉइंट केल्यावर तो रात्रभर बादलीतल्या पाण्यात बुडवून मेगर करा, मगच पंप खाली सोडा.