चौकशी खिडकी : होबोला भिकारी म्हणू नका

प्रश्न : नातीला कॉलेजात एका इंग्रजी उताऱ्याचं मराठी करायला दिलं होतं. त्यात ‘होबो’, ‘ट्रॅम्प’ आणि ‘बम’ हे तिन्ही शब्द एकाच परिच्छेदात. कोशात तिघांपुढे ‘भटक्या, भिकारी’. तिने तिन्ही ठिकाणी भिकारी लिहिलं आणि गुण गेले. तुम्ही रेल्वेतले, म्हणून विचारते. (एक आजी, सांगली)

उत्तर : ताई, चूक नातीची नाही, कोशाची. होबो हिंडतो आणि काम करतो. ट्रॅम्प हिंडतो, पण काम दिसलं की दुसरा रस्ता धरतो. बम हिंडतही नाही आणि कामही करत नाही. होबोला बम म्हटलं तर तो बाह्या सरसावायचा.

हा शब्द छापलेला सापडतो तो साधारण 1890 च्या सुमाराचा, अमेरिकेच्या पश्चिमेकडचा. ओक्लाहोमा-कॅन्ससमध्ये गव्हाची कापणी सुरू झाली की हे लोक तिच्या मागे मागे उत्तरेला डाकोटापर्यंत सरकायचे. पुढे वॉशिंग्टन राज्यातली सफरचंदं, हिवाळ्यात लाकूडतोड, नाहीतर गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ कापायचा. मधलं अंतर शेकडो मैलांचं आणि तिकिटाला पैसे नाहीत, म्हणून मालगाडी. आपल्याकडे याच्या जवळचा कोण, तर ऊसतोड मजूर. पण होबोला मुकादम नाही, उचल नाही, बरोबर बिऱ्हाडही नाही. पाठीवर अंथरुणाची वळकटी, तिचं नाव ‘बिंडल’. नातीला सांगा, होबो म्हणजे फिरता मजूर, ट्रॅम्प म्हणजे भटक्या, बम म्हणजे ऐतखाऊ.

आता विचारलंच आहे तर ही भाषा थोडी चाखा. मालडब्याला ते ‘साइड-डोअर पुलमन’ म्हणत. पुलमन म्हणजे श्रीमंतांचं शयनयान, त्याची दारं टोकांना. मालडब्याचं दार कुशीला. म्हणून हे ‘बगलेत दार असलेलं पुलमन’! यार्डातला रेल्वे पोलीस म्हणजे ‘बुल’, बैल. यार्डाजवळ झाडीत किंवा ओढ्याकाठी जिथे चूल मांडायची ती जागा ‘जंगल’. हो, आपलंच जंगल, इंग्रजीतून फिरत फिरत तिथे पोचलेलं. ज्याला जे मिळालं ते, बटाटा, कांदा, हाडूक, एका डब्यात शिजवायचं, त्याला ‘मलिगन’ म्हणायचं. जेवण झालं की भांडी घासून पुढच्यासाठी ठेवून जायची, हा तिथला नियम.

मला सगळ्यांत आवडली ती त्यांची जेवणाची वर्गवारी. मागच्या दारी अन्न मागितल्यावर बाईंनी कागदात बांधून दिलं तर ‘लंप’. पायरीवर बसवून ताट दिलं तर ‘नी-शेकर’, कारण ताट गुडघ्यावर थरथरतं. घरात बोलावून टेबलाशी बसवलं तर ‘सिट-डाउन’. माझे वडील नाशकात वाराने जेवून शिकले. बुधवारच्या घरी पान ओसरीवर मांडत आणि शनिवारच्या घरी आत पंगतीला, हे त्यांनी ऐंशीव्या वर्षीही बरोबर सांगितलं होतं. आमटी कशी होती ते मात्र आठवत नव्हतं. त्यामुळे होबोंना तीन शब्द का लागले, हे मला कोशात बघावं लागलं नाही.

प्रश्न : होबो घरांच्या कुंपणांवर खडूने खुणा करत, मांजर म्हणजे दयाळू बाई वगैरे. खरं आहे का? आणि हे लोक अजून आहेत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मोबाइलवर फिरणारे ते सुबक तक्ते मी फारसे मनावर घेत नाही. पक्का पुरावा आहे तो टोपणनावांचा. पाण्याच्या टाकीवर ‘मॉनिकर’ कोरायचा, खाली तारीख आणि कुठल्या दिशेला चाललो त्याचा बाण. मागून येणाऱ्या मित्राला तेवढं पुरे.

आयोवा राज्यातल्या ब्रिट या छोट्या गावात 1900 मध्ये होबोंचा मेळावा भरला होता, आणि आजही भरतो. ऑगस्टमध्ये राजा-राणी निवडतात आणि मोठ्या पातेल्यांत मलिगन शिजतं. तिथल्या दफनभूमीत होबोंची वेगळी जागा आहे. कुणी गेलं की त्यांच्या बोलीत ‘त्याने पश्चिमेची गाडी पकडली’. आपण म्हणतो तिकीट कटलं. त्यांच्याकडे तिकिटाचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न : गार्डसाहेब, होबो मालगाडीखालच्या ‘रॉड्सवर बसून’ प्रवास करत म्हणे. वॅगनखाली बसायला जागा कुठे असते? चाळीस वर्षांत मला तरी दिसली नाही. (एक जुना ड्रायव्हर, भुसावळ)

उत्तर : मित्रा, तू-मी पाहिलेल्या वॅगनचा सांगाडा पोलादी. त्यांच्या जुन्या डब्यांचा लाकडी. लांब लाकडी चौकट मधोमध खचू नये म्हणून खालून लोखंडी सळ्या ताणून बसवलेल्या असत, तेच हे रॉड्स. त्या सळ्यांवर आडवी फळी टाकायची आणि पालथं पडायचं. खाली वीतभर अंतरावर स्लीपर पळतायत, तोंडावर खडी उडतेय. ब्रेक्समनला, म्हणजे गाडीवरच्या ब्रेक लावणाऱ्या कर्मचाऱ्याला, ते ‘शॅक’ म्हणत, आणि त्यातला एखादा दुष्ट निघाला तर डबे जोडायच्या कपलिंगची लोखंडी पिन दोरीला बांधून डब्याखाली सोडायचा. ती स्लीपरवर आपटून उसळते, वर डब्याच्या तळाला लागते, पुन्हा खाली. मधे माणूस. हे वाचलं त्या रात्री मला झोप नव्हती. मालगाडीतून लपून जाणारे मीही उतरवले आहेत, एकाला इगतपुरीला बँकर (घाटासाठी लावायचं जादा इंजिन) लागेपर्यंत ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, बसवून चहाही पाजला आहे. पण हे?

पोलादी सांगाडे आले आणि सळ्या गेल्या. पुढे 1930 नंतरच्या मंदीत माणसं डब्यात आणि टपावर बसून गेली, आणि किती! एकट्या सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने 1932 या एका वर्षात पावणेसात लाखांच्या वर फुकटे उतरवल्याची नोंद केली. त्यात मिसरूड न फुटलेली पोरंही पुष्कळ.

आणि तू पत्राच्या शेवटी खोचकपणे विचारलंस, गार्डाच्या डब्याला काय म्हणत, तर ऐक. ‘क्रमी’. क्रम म्हणजे ऊ. तिथले रेल्वेवालेच आपल्या डब्याला असं म्हणत. माझ्या ब्रेकव्हॅनमध्ये उवा कधीही नव्हत्या. झुरळं होती.