बँकेत नोकरी करता करता चर्चचं खजिनदारपद सांभाळणं जमतं का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की वय २७, सरकारी बँकेत अधिकारी, पाळकसाहेब खजिनदार व्हा म्हणून मागे लागलेत आणि घरचे म्हणतात नोकरीच पुरे. घरच्यांचं अगदीच चूक नाही. तरी सांगतो, जमतं. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली १९ मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायाचा, खजिनदार होतो.

मी इंदूरचा. आजोबा अहमदनगरहून इकडे आले, त्यामुळे घरात मराठी, भक्ती (चर्चमधली रविवारची उपासना) हिंदीत आणि गल्लीत इंदुरी. पांढरं चर्च आणि लाल चर्च इथल्या रिक्षावाल्यालाही माहीत असतात; आमचं त्या दोन्हींपैकी नाही, लहान आहे. मी लागलो तो स्टेट बँक ऑफ इंदौरमध्ये. होळकरांच्या काळात, १९२० साली निघालेली ही बँक १९६० पासून स्टेट बँकेची उपकंपनी होती आणि २६ ऑगस्ट २०१० ला तिच्यातच विलीन झाली. मंडळीचं खातंही तिथंच. चेकबुक बदललं, आयएफएससी कोड बदलला, आणि मंडळीतल्या म्हाताऱ्यांची खात्री होती की हा सगळा उपद्व्याप मीच केला.

खजिनदाराचं खरं काम भक्ती संपल्यावर सुरू होतं. बाहेर सगळे चहा पीत, सलाम करत गप्पा मारत असतात, आणि तुम्ही आतल्या खोलीत अर्पणाच्या थैल्या टेबलावर उपड्या करता. नोटा चौघड्या घातलेल्या, काही तर गोळी करून टाकलेल्या. एकदा शर्टाचं बटण निघालं. दहाची नाणी ढिगानं, कारण बाजारात कुणीतरी उठवलं होतं की ती खोटी आहेत. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगितलं की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चलनात आहेत, पण तोवर दुकानदारांनी नाकारलेलं प्रत्येक नाणं देवाला मिळून चुकलं होतं. मग उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानून दिलेल्या देणगीची, पाकिटं. ‘नातवाला पहिला दात आला, ५१ रुपये.’ ती वाचल्याशिवाय मी कधी फोडली नाहीत.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत, पावसाळ्यातल्या एका रविवारी, माझ्याबरोबर मोजायला बसणारे मास्तर आले नाहीत. मी एकट्यानं मोजलं, सोमवारी भरलं. पुढच्या पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, एकानं सहज विचारलं, “त्या दिवशी इतकं कमी कसं?” रक्कम बरोबर होती, पाऊस होता, माणसंच कमी होती. पण ते सिद्ध कशानं करणार? घरी येऊन जेवलो नाही. बँकेत मी रोज दोन किल्ल्यांची तिजोरी उघडत होतो, एक किल्ली माझ्याकडे, एक कॅशियरकडे. त्यात कुणी कुणाचा अपमान केला असं आम्हाला कधी वाटलं नाही. आणि चर्चमध्ये मात्र मी धरून चाललो होतो की विश्वासाची जागा आहे, इथं कशाला. त्या दिवसापासून दुसरा माणूस नसेल तर थैली सीलबंद करून पाळकसाहेबांच्या कपाटात. मोजणी दोघांची, मोजणीच्या पट्टीवर सह्या दोघांच्या, चेकवरही दोघांच्या.

दुसरा त्रास कर्जाचा. “भाऊ, आपलीच बँक आहे ना,” हे वाक्य तुम्हाला चर्चच्या पायरीवर ऐकायला मिळणारच. दुकानासाठी कर्ज हवं असलेल्या एका बांधवाला मी शाखेत बोलावलं आणि त्याची फाइल मुद्दाम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली. कागद अपुरे होते, नामंजूर झाली. दोन वर्षं त्यानं मला सलाम केला नाही. राग काढला तो कापणीच्या सणाला, लोकांनी चर्चला वाहिलेल्या भाज्या-फळांच्या लिलावात. मी भोपळ्यावर बोली लावली की तो चढवायचा. एक भोपळा ९०० रुपयांना गेला! मंडळीचा फायदाच, पण तो भोपळा घरी नेताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

वेळेचं म्हणाल तर मार्च एंड आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ नेमके एकमेकांच्या अंगावर येतात. २००२ साली पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, आला ३१ मार्चला. पहाटे कब्रस्तानात भक्ती, तिथून त्याच कपड्यांत शाखेत क्लोजिंगला. बायकोनं डब्यात केक आणि पोहे दिले होते. नोटबंदीत तर १३ नोव्हेंबर २०१६ चा रविवारही बँका उघड्या होत्या. मी काउंटरवर, चर्चमध्ये मोजायला दुसरे दोघे. संध्याकाळी पट्टी बघितली आणि हसू आवरेना. ज्यांचा हात जन्मात दहाच्या वर गेला नव्हता, त्या हातांनी पाचशेच्या नोटा टाकल्या होत्या. मला मात्र प्रत्येक नोटेची नोंद करून ती मुदतीत खात्यात भरावी लागली. एकजण हळूच म्हणाला, “माझ्याही थोड्या भरून टाका, नंतर परत द्या.” नाही म्हणालो. खजिनदाराला हा शब्द फार वेळा लागतो, आणि तो हसत म्हणता आला पाहिजे.

बाकी समाजकार्य म्हणून वेगळं काही करावं लागत नाही, ते दारात येतं. नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर, जूनमध्ये शिष्यवृत्तीचे अर्ज. येणारे निम्मे आमच्या मंडळीचे नसायचेच. गल्लीतल्या जोशीकाकू रविवारी भक्ती सुटायच्या वेळी बरोबर फाटकाशी पासबुक घेऊन उभ्या.

हो म्हणण्याआधी दोन गोष्टी करा. मानद कामाला बँकेची सहसा हरकत नसते, तरी वरिष्ठांना लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि मागच्या खजिनदाराकडून पासबुक मागून घ्या. शेवटची नोंद कधीची आहे आणि खात्यावर सह्या कुणाच्या चालतात ते बघा. आमच्याकडे पहिली सही होती तीन वर्षांपूर्वी प्रभूत निजलेल्या माणसाची. ती बदलण्याचा ठराव हेच माझं पहिलं काम होतं, आणि तेवढ्यालाच चार महिने लागले.