अमेरिकेत एका छोट्या गावाबाहेरच्या फलकावर स्थापनेचं एक साल आहे आणि नगर कार्यालयावर दुसरंच. खरं कोणतं? आणि फलकावरची नावाची गोष्ट खरी मानावी का?

बहुधा दोन्ही सालं खरी असतील. फलकावर 'स्थापना' असते, पण कशाची ते नसतं. पहिलं कुटुंब येऊन राहिलं, कुणीतरी रस्ते आणि प्लॉट आखून नकाशा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कचेरीत नोंदवला, पोस्ट उघडलं, राज्याच्या कायद्याने नगर म्हणून मान्यता मिळाली. या चार घटनांमध्ये काही वेळा दशकं जातात. कार्यालयावर साधारणपणे मान्यतेचं साल असतं आणि फलकावर जितकं मागे जाता येईल तितकं. (हे 'पहिलं कुटुंब' म्हणजे बहुतेकदा पहिलं गोरं कुटुंब. मूळ रहिवासी त्याच ओढ्याकाठी आधीपासून राहत असले, तरी मोजणी तिथून सुरू होत नाही.)

नावाच्या गोष्टीबाबत मात्र मी संशयी आहे. मला असे फलक दिसले की गाडी थांबवून वाचायची खोड आहे, आणि गोष्ट जितकी गोड तितका माझा विश्वास कमी. अलास्कातलं नोम घ्या. नकाशावर एका भूशिराजवळ कुणीतरी इंग्रजीत 'Name?' (नाव?) अशी खूण केली होती, नक्कल करणाऱ्याने ती 'Nome' म्हणजे 'नोम' वाचली, असं सांगतात. दुसरे सांगतात की सोनं शोधणाऱ्या नॉर्वेजियन माणसाने आपल्याकडच्या नोम खोऱ्यावरून नाव दिलं. फलकावर जागा मोजक्या ओळींची, त्यामुळे तिथे एकच गोष्ट मावते आणि 'असं सांगतात' हे शब्द आधी कापले जातात. याउलट न्यू मेक्सिकोतलं हॉट स्प्रिंग्ज हे गाव १९५० मध्ये एका रेडिओ कार्यक्रमाच्या आवाहनावरून त्या कार्यक्रमाचंच नाव घेऊन 'ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस' झालं. ही थाप वाटते, पण खरी आहे.

बऱ्याच गावांच्या नावांमागे खरा हात पोस्टखात्याचा. एका राज्यात एकाच नावाची दोन पोस्टं चालत नसत. गावाने सुचवलेलं नाव आधीच गेलेलं असलं की दुसरं सुचवावं लागे, आणि ते कधी पोस्टमास्तरच्या मुलीचं नाव निघे. नंतर त्या मुलीची राजकन्या व्हायला वेळ लागत नाही.

तपासायचं असेल तर आधी फलक कुणी लावला ते पाहा. राज्याच्या इतिहास आयोगाचा असेल तर मजकुराची थोडीफार छाननी झालेली असते, तरी जुन्या फलकांबाबत मी सावध राहीन. न्यूयॉर्कचे निळे-पिवळे फलक १९२६ पासूनचे आहेत, तेव्हाचे निकष आजचे नव्हते. आता तिथे फलकांना पैसे देणारी पोमेरॉय फाउंडेशन ही संस्था मूळ कागदपत्रं मागते, आणि लोककथांसाठी तिने वेगळी फलकमालिकाच ठेवली आहे. ही सोय मला फार आवडते.

मग राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पोस्टाच्या नोंदी. पोस्टमास्तरांच्या नेमणुका १७८९ पासून आहेत, पोस्टाची जागा सांगणारे अर्ज १८३७ पासून. पोस्टाचं नाव बदललं असेल तर तेही नेमणुकांच्या वहीत सापडतं. गावाचा आखणी-नकाशा काउंटीच्या नोंदणी कार्यालयात मिळेल. त्यावरची तारीख फलकाच्या सालाशी जुळली, तर तुमचं निम्मं कोडं तिथेच सुटलं.