विंडोज ७ वरून १० वर गेल्यावर स्क्रीन पसरट, आवाज गायब: ड्रायव्हर कुठून आणि कोणत्या क्रमानं बसवायचे?

तुमची अडचण मला अशी समजली: दहा-बारा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं, त्यावर विंडोज १० चढवलं. आता अक्षरं मोठी आणि पसरट दिसतात, व्हिडिओ अडखळतो, स्पीकर मुके आहेत, आणि ड्रायव्हर (विंडोजला एखादं उपकरण चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) नवा करायला 'अपडेट ड्रायव्हर' केलं की विंडोज सांगतं की सर्वांत योग्य ड्रायव्हर आधीच बसलेला आहे.

त्या संदेशावर थांबू नका. त्याचा अर्थ एवढाच, की विंडोजला स्वतःच्या साठ्यात त्याहून बरं काही सापडलं नाही. जुन्या मशीनसाठी शोधायचा असतो तो त्या चिपसाठी निघालेला शेवटचा ड्रायव्हर. तो २०१६ चा असला तरी हरकत नाही. 'सगळ्यात नवा' म्हणून दिसेल ते उतरवत बसलात, तर इन्स्टॉलर एक तर नकार देईल, नाहीतर अर्धवट बसून गोंधळ वाढवेल.

आधी काय बिघडलंय ते पक्कं करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली पाहा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. या कामचलाऊ ड्रायव्हरवर चित्र दिसतं, पण रिझोल्यूशन वाढत नाही, दुसरा मॉनिटर चालत नाही, लॅपटॉपचा ब्राइटनेस बदलत नाही, स्लीपचा पर्याय बहुधा गायब होतो आणि व्हिडिओ उलगडण्याचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं. तुमचा अडखळणारा व्हिडिओ बहुतेक त्यामुळेच. चिपचं बरोबर नाव असेल पण पिवळं चिन्ह असेल, तर त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब, कोड ५२ म्हणजे डिजिटल सही मान्य नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणानं स्वतःच बिघाड कळवला म्हणून विंडोजनं ते थांबवलं. याच्यामागे ड्रायव्हर असू शकतो किंवा खुद्द कार्ड.

ड्रायव्हरच्या तारखेवरून तो जुना की नवा हे ठरवू नका. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम घातलेली असते, म्हणजे निर्मात्याचा कुठलाही ड्रायव्हर त्यांच्यापेक्षा नवा ठरतो. इंटेलच्या चिपसेटच्या (मदरबोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणारी चिप) फायलींवर तर १८ जुलै १९६८ दिसते, कारण ती कंपनीच्या स्थापनेची तारीख आहे. पाहायचा तो आवृत्ती क्रमांक.

आता चिप ओळखा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब, आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. दिसणाऱ्या ओळीत 'व्हेन' (VEN) नंतरची चार अक्षरं निर्माता सांगतात: ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी. 'डेव्ह' (DEV) नंतरची चार अक्षरं नेमकी चिप सांगतात. ती अख्खी ओळ सर्च करा. कार्डाच्या खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. जीफोर्स जीटी ७३० या एकाच नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या, आणि दोघींचे शेवटचे ड्रायव्हर वेगळे आहेत. जीटी ६१० सुद्धा नावानं ६०० मालिकेतलं, पण आतून फर्मी.

विंडोज १० साठी कोणाचा शेवट कुठे झाला ते सांगतो. एनव्हिडियाच्या जीफोर्स ८ पासून ३०० पर्यंतच्या जुन्या मालिकांसाठी ३४२.०१ ही आवृत्ती. फर्मीसाठी, म्हणजे ४०० आणि ५०० मालिका, ३९१.३५. केप्लरसाठी ४७२.१२ हा शेवटचा गेम रेडी (एनव्हिडियाचा नेहमीचा) ड्रायव्हर, पुढे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या. एएमडीच्या रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० साठी कॅटॅलिस्ट १५.७.१, आणि त्यानंतर क्रिमसन १६.२.१ ही बीटा आवृत्ती. मी १५.७.१ पासून सुरुवात करायला सांगेन. एचडी ४००० आणि त्याआधीच्या रेडिऑनला एएमडीनं विंडोज १० चा ड्रायव्हर दिला नाही, तिथे विंडोज अपडेटमधून येणारा जुना ड्रायव्हरच वापरायचा.

इंटेलचं थोडं निराळं आहे. २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांतल्या एचडी २००० आणि ३००० ला इंटेल अधिकृतपणे विंडोज १० वर धरत नाही, पण विंडोज अपडेट ९.१७.१०.४४५९ हा ड्रायव्हर देतं आणि तो नीट चालतो. त्यापुढच्या आयव्ही ब्रिजच्या एचडी ४००० साठी १०.१८.१० ने सुरू होणाऱ्या आवृत्त्या आहेत. तुमचं मशीन ज्या काळातलं वाटतं, त्यावरून तुम्ही बहुधा या दोघांपैकी एका गटात असाल.

म्हणून पहिला प्रयत्न सगळ्यात सोपा ठेवा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, 'व्ह्यू ऑप्शनल अपडेट्स'मध्ये 'ड्रायव्हर अपडेट्स' पाहा. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत जुन्या चिपचे ड्रायव्हर बरेचदा इथेच पडून असतात आणि आपण टिक केल्याशिवाय उतरत नाहीत. ग्राफिक्स किंवा ऑडिओचं नाव दिसलं तर टिक करा, बसवा, रीस्टार्ट करा. कितीतरी मशीनचं काम इथेच संपतं.

तिथे काही नसेल तर हातानं बसवा, आणि क्रम पाळा: आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, शेवटी ऑडिओ. मदरबोर्डवरचं ऑडिओ चिपसेटमधल्या कंट्रोलरमागे जोडलेलं असतं. तो कंट्रोलर ओळखला गेला नसेल तर ऑडिओचा इन्स्टॉलर उपकरणच सापडत नाही म्हणून थांबतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एसएम बस कंट्रोलर' पिवळा दिसत असेल तर चिपसेटचा ड्रायव्हर राहिलाय. 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' हे मात्र बहुतेकदा इंटेल मॅनेजमेंट इंजिन असतं. त्याचा आवाजाशी संबंध नाही, त्यामागे वेळ घालवू नका.

ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर अर्धवट उरला असेल तर आधी सफाई. त्याआधी सिस्टम प्रोटेक्शन चालू करून रीस्टोर पॉइंट (काही बिघडलं तर मागे जाण्यासाठीची नोंद) घ्या, विंडोज १० मध्ये ते बऱ्याचदा बंदच असतं. लागणारा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. मग नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण ड्रायव्हर काढला की काही मिनिटांत विंडोज अपडेट स्वतःचा बसवायला लागतं आणि तुमचा इन्स्टॉलर मध्येच आपटतो. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेनं सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक ड्रायव्हरांवर चालणारं विंडोज) जा. बूट होताना एफ ८ दाबण्याची जुनी युक्ती इथे चालत नाही. सेफ मोडमध्ये कधी कधी पिन चालत नाही, तेव्हा खात्याचा पासवर्ड माहीत असू द्या. बिटलॉकर (ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा. तिथे 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे मोफत साधन चालवून जुने अवशेष काढा, रीस्टार्ट करा आणि नेट बंद असतानाच नवा ड्रायव्हर बसवा.

लॅपटॉप असेल तर इंटेलचा इन्स्टॉलर 'हा ड्रायव्हर या कॉम्प्युटरसाठी प्रमाणित नाही' असं म्हणून अडू शकतो. अशा वेळी झिप स्वरूपातला ड्रायव्हर घेऊन फोल्डरमध्ये उलगडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर, 'ब्राउज माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक', 'हॅव डिस्क' असं जाऊन त्या फोल्डरमधली इन्फ (.inf) फाइल दाखवा. चिप जुळत असेल तर विंडोज ती स्वीकारतं. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर आधी इंटेलचा आणि मग दुसरा. जुन्या एएमडी जोडीच्या लॅपटॉपवर मात्र लॅपटॉपच्या निर्मात्यानं दिलेलाच ड्रायव्हर वापरा, सर्वसाधारण ड्रायव्हरनं तिथे दोन ग्राफिक्समधल्या अदलाबदलीची सोय मोडते आणि कधी स्क्रीन काळीच राहते.

निर्मात्याकडे विंडोज १० चा ड्रायव्हर नसेल तर ८.१ चा, तोही नसेल तर ७ चा घेऊन बघा, पण ३२ बिट की ६४ बिट हे जुळलंच पाहिजे. ७ चा बहुतेकदा चालतो. एक्सपीचा ग्राफिक्स ड्रायव्हर अजिबात चालणार नाही, कारण त्या पद्धतीचे ड्रायव्हर विंडोज ८ पासून बंदच झाले. तुम्ही विंडोज ७ वर सरळ अपग्रेड केलं असेल, तर सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' हा फोल्डर असेल आणि तुमचा जुना, चालणारा ड्रायव्हर त्यात आहे. 'ब्राउज माय कॉम्प्युटर'मध्ये तोच फोल्डर दाखवून 'सबफोल्डर्ससह' टिक ठेवा. मात्र हा फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप पुसला जातो, म्हणून आजच त्याची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.

आता आवाज. आधी घड्याळाजवळच्या स्पीकर चिन्हावर क्लिक करून आउटपुट कोणतं निवडलंय ते पाहा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसला की त्यासोबत एचडीएमआयचं ऑडिओही येतं, आणि विंडोज कधी कधी तेच मुख्य धरतं. स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे आवाज जात राहतो आणि आपण ड्रायव्हरला दोष देतो. यादीतून 'स्पीकर्स' निवडलं की काम झालं.

तिथे स्पीकर्स नसतीलच, तर ऑडिओच्या उपकरणांचे हार्डवेअर आयडी वाचा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ११०६ व्हाया, १४एफ१ कोनेक्झंट, १११डी आयडीटी, ११डी४ अ‍ॅनालॉग डिव्हाइसेस. 'एचडीऑडिओ'ने सुरू होणाऱ्या ओळींत फक्त ८०८६, १०डीई किंवा १००२ दिसत असतील, तर ते सगळं एचडीएमआयचं आहे आणि मदरबोर्डचं ऑडिओ विंडोजला दिसतच नाही. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन 'ऑनबोर्ड ऑडिओ' किंवा 'अझेलिया' या नावाची सेटिंग चालू आहे का पाहा.

चिप दिसते पण कोड १० येतो किंवा आवाज खरखरतो, तर बहुधा विंडोज ७ चा जुना रिअलटेक ड्रायव्हर चिकटून राहिलेला असतो. माझा सल्ला: नवा शोधण्याआधी मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर लावून बघा. अपडेट ड्रायव्हर, 'ब्राउज माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक', आणि यादीतून 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. इशारा येईल, त्याला होकार द्या आणि रीस्टार्ट करा. इक्वलायझर आणि इफेक्ट जातील, आवाज येईल. साध्या वापरासाठी मी हाच कायम ठेवायला सांगेन. तरीही खरखर असेल तर आउटपुटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एन्हान्समेंट्स' बंद करा आणि आवाजाचा दर (सँपल रेट) ४८,००० हर्ट्झ ठेवा.

मागचा जॅक चालतो पण पुढचा नाही, हे वेगळं दुखणं. कॅबिनेटची पुढची वायर एसी ९७ या जुन्या ऑडिओ पद्धतीची असेल तर जॅक लावल्याचं चिपला कळतच नाही. बायोसमध्ये 'फ्रंट पॅनेल'चा प्रकार बदला, किंवा रिअलटेकच्या पॅनेलमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करा. माइक चालत नसेल तर आधी सेटिंग्ज, प्रायव्हसी, मायक्रोफोन. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तिथली परवानगी बंद असेल तर ड्रायव्हर ठीक असूनही माइक मुका राहतो.

सगळं जमल्यावर विंडोज अपडेट पुन्हा आपला ड्रायव्हर वरून बसवत असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या सिस्टममध्ये हार्डवेअर टॅबवरच्या 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'ला 'नो' करा. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये नवे करून देणारे प्रोग्राम या मशीनवर घालू नका. जुन्या चिपला जवळच्या नावाचा चुकीचा ड्रायव्हर चिकटवणं हे त्यांचं नेहमीचं, आणि सोबत नको ते इतर सॉफ्टवेअरही येतं.

एवढं करूनही कोड ४३ राहिला, तर कॉम्प्युटर सुरू होताना बायोसचा पडदा नीट पाहा. तिथेच रेघा किंवा ठिपके दिसत असतील तर ड्रायव्हरचा दोष नाही, विंडोज तेव्हा सुरूच झालेलं नसतं. कार्ड काढून धूळ साफ करा, पंखा फिरतोय का पाहा, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा.

काही चिपना वाटच नाही. इंटेल ९१५ चिपसेटमधल्या जीएमए ९०० ला विंडोज ७ च्या पद्धतीचा ड्रायव्हरसुद्धा कधी मिळाला नाही. डेस्कटॉप असेल तर एखादं साधं, वेगळी पॉवर वायर न लागणारं कार्ड घाला. मॉनिटरची केबल मग त्या कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही. ऑडिओची चिप मेली असेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड पुरतं, त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो.

अजून अडलंच, तर दोन्ही उपकरणांच्या हार्डवेअर आयडीच्या पहिल्या ओळी, एरर कोड आणि विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट एवढं लिहा. नेमका कोणता ड्रायव्हर लागेल ते त्यावरून सांगता येईल.