75 केव्हीएच्या 415/480 व्होल्ट ट्रान्सफॉर्मरवर 125 अँपिअरचा ब्रेकर ट्रिप होतो, इलेक्ट्रिशियन म्हणतो कोडमध्ये अडीचशे टक्के चालतं, मग 250 चा लावू का? शिवाय ट्रान्सफॉर्मरजवळ वेगळा डिसकनेक्ट (पुरवठा तोडणारा स्विच) लागतो का? (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर, जुनं अमेरिकन सीएनसी मशीन)

नुसता ब्रेकर बदलून 250 चा लावणार असाल तर नाही. तुमच्या इलेक्ट्रिशियनने "कोडमध्ये अडीचशे टक्के चालतं" हे कुठून तरी ऐकलंय. ते खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि या अर्ध्यानेच घात होतो.

अमेरिकन एनईसीच्या (तिथला वायरिंगचा कोड) 450.3 मध्ये 1000 व्होल्टपर्यंतच्या ट्रान्सफॉर्मरला दोन वाटा दिल्यात. फक्त प्रायमरीला (पुरवठा येतो ती बाजू) संरक्षण देणार असाल तर ब्रेकर फुल लोड करंटच्या 125 टक्के. प्रायमरीला 250 टक्क्यांपर्यंत जायचं असेल तर सेकंडरीलाही (मशीनकडची बाजू) 125 टक्क्यांचं वेगळं संरक्षण हवं. तुमचा प्रायमरी करंट 104 अँपिअर, सेकंडरी 90. म्हणजे 250 चा ब्रेकर 240 टक्के होतो, नियमात बसतो. पण मग सेकंडरीला 100 चा एमसीसीबी (मोठा, बंद डब्यातला ब्रेकर) पाहिजे आणि प्रायमरीची केबलही 250 अँपिअर झेपणारी पाहिजे. ही दोन वाक्यं सोयीस्कर विसरली जातात.

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचा असाच 75 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगला आला होता. ट्रिपिंग थांबावं म्हणून 250 लावलेला, सेकंडरीला काहीच नाही. ब्रेकर मोठा आहे म्हणून त्याच सेकंडरीवर दुसरं मशीनही जोडलं. सेकंडरीला 170 अँपिअर, म्हणजे प्रायमरीला 197. एमसीसीबी त्याच्या आकड्याच्या 1.05 पटीपर्यंत ट्रिप होत नाही आणि 1.3 पटीला दोन तासांच्या आत ट्रिप व्हायला हवा, असं प्रमाण आहे. 250 च्या ब्रेकरला 197 म्हणजे काहीच नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र तांब्यातली उष्णता साडेतीनपट. आतलं व्हार्निश काळं पडलं, टर्न (तारेचे वेढे) एकमेकांत शॉर्ट झाले. मालक म्हणाला, माल नकली. पॅनेलवाला म्हणाला, ब्रेकर तर ट्रिप झालाच नाही, मग ओव्हरलोड कसला? अहो, ट्रिप झाला नाही हाच तर दोष. वाइंडिंग करणाऱ्याला शिव्या देण्याआधी ब्रेकरवरचा आकडा वाचा.

आता तुमचं ट्रिपिंग. ट्रान्सफॉर्मर चालू करताना पहिल्या काही सायकलमध्ये फुल लोडच्या आठ ते बारा पट इनरश (क्षणभराचा मोठा करंट) येतो, म्हणजे तुमच्याकडे आठशे ते साडेबाराशे अँपिअर. एमसीसीबीची मॅग्नेटिक डायल (किती पट करंटला लगेच सुटायचं ते ठरवणारी) 5 वर असेल तर तो 625 लाच सुटणार. आधी ती 10 वर न्या. डायलच नसेल तर तशी असलेला 125 चाच ब्रेकर घ्या. सेकंडरीचा एमसीसीबी बंद ठेवून प्रायमरी चालू करा, चार-पाच सेकंदांनी लोड द्या. तीन-चार वेळांत एखादाच ट्रिप होत असेल तर इनरश आहे, कारण तो व्होल्टेजच्या कुठल्या क्षणी स्विच लागला त्यावर ठरतो. सेकंडरी उघडी असतानाही दर वेळी ट्रिप होत असेल तर हट्ट करू नका. मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावा, टर्न रेशो (दोन्ही वाइंडिंगच्या वेढ्यांचं प्रमाण) तपासा.

ट्रान्सफॉर्मर मशीनसोबत अमेरिकेतून आला असेल तर नेमप्लेटवर 60 हर्ट्झ आहे का पाहा. 480 व्होल्ट 60 हर्ट्झवर बनवलेल्या कोअरला तेच 480 इथल्या 50 हर्ट्झवर दिले की फ्लक्स (कोअरमधलं चुंबकत्व) 20 टक्के वाढतो. गुणगुणतो, तापतो आणि इनरशही जास्त घेतो. उलटा जोडलेला असेल, म्हणजे आतलं वाइंडिंग आधी चार्ज होत असेल, तर आणखी वाईट. आणि रात्री लोड नसताना लाइन 433 वर गेली की सेकंडरीला 500 व्होल्ट येतात. तेव्हा टॅप (वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करणारी जोडणी) बदलून घ्या.

ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार (प्रायमरी त्रिकोणी जोडणीची, सेकंडरी तिन्ही टोकं एका बिंदूत जोडलेली) असेल तर प्रायमरीचा ब्रेकर सेकंडरीच्या केबलला वाचवतो असं समजू नका. सेकंडरीच्या एका फेजचा अर्थ फॉल्ट प्रायमरीला 58 टक्केच दिसतो, आणि पॅनेलमधल्या अर्थ लीकेज रिलेला तर दिसतच नाही. स्टार पॉइंट (तो एकत्र जोडलेला बिंदू) अर्थ करा, आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे. सेकंडरीचा एमसीसीबी ट्रान्सफॉर्मरपासून तीन मीटरच्या आत बसवा.

डिसकनेक्टचं म्हणाल तर एनईसी 450.14 म्हणतं, तो ट्रान्सफॉर्मरवरून दिसेल असा हवा, नाहीतर लांब चालेल, पण त्याला कुलूप लागलं पाहिजे आणि तो कुठे आहे हे ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं हवं. पॅनेलचा एमसीसीबी पॅडलॉक लागणारा असेल तर तेवढं पुरतं. नसेल तर जवळ 160 चा एसएफयू (स्विच आणि फ्यूज एकत्र असलेला) लावा.

एनईसी हा इथला कायदा नाही हे खरं. इथे सीईएचे (केंद्रीय विद्युत प्राधिकरण) सुरक्षा नियम आणि वायरिंगचं मानक आयएस 732 लागू. हे आकडे दोन वेगळी वाइंडिंग असलेल्या ट्रान्सफॉर्मरचे आहेत. ऑटो ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंना एकच वाइंडिंग) असेल तर अर्थिंगचा विचार वेगळा करावा लागेल. आणि पावसाळ्यात चार दिवस बंद राहिलेला ड्राय ट्रान्सफॉर्मर मेगर न लावता चालू करू नका, कोल्हापूरच्या जुलैत तर नाहीच.