अण्णांची स्मरणिका काढताना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायचं तुम्ही ठरवलंत, फार बरं वाटलं. मसुदा दोनदा वाचला. तुझी भाषा चांगली आहे, पण पानोपानी ‘थोर’, ‘परोपकारी’, ‘देवमाणूस’ असे शब्द आलेत. ते कुणाच्याही आजोबांना लागू पडतील. वाचताना मी अण्णांना शोधत होतो आणि ते मला सापडेनात.

तू दोन भाग केलेस, ‘अण्णांची भक्ती’ आणि ‘अण्णांचं समाजकार्य’. ही वाटणी आधी काढून टाक. मी त्यांच्याबरोबर एकाच दिंडीत बरीच वर्षं चाललोय. दिवे घाट चढून पालखी सासवडला पोचली की नवख्या वारकऱ्यांचे तळवे फोडांनी भरलेले असायचे. आम्ही राहुटीत अंग टाकायचो, आणि अण्णा परातीत कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ घेऊन कुणाच्या तरी पायांशी बसलेले असायचे. पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यातला चिखल काढायचे, खोबरेल लावायचे. तोंडानं हरिपाठ चालूच. एखादं पोर संकोचून पाय मागं घ्यायचं, तर म्हणायचे, “माऊली, पाय हलवू नका.” वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, लहान-मोठा बघत नाहीत. अण्णांनी ती रीत तळावर सोडली नाही, घरी आणली. गावातल्या आजाऱ्याशी ते तसेच वागायचे. त्यामुळे भक्ती कुठं संपली आणि सेवा कुठं सुरू झाली, हे मला तरी सांगता येणार नाही. तूही सांगायला जाऊ नकोस.

मुंबईच्या त्यांच्या फेऱ्यांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, ‘अनेक कर्करुग्णांना मदत केली.’ मदत म्हणजे काय, ते लिही. परळच्या टाटा हॉस्पिटलात पहिल्यांदा जाणारा खेड्यातला माणूस निम्मा तिथल्या गर्दीनंच खचतो. केसपेपर कुठं काढायचा, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो, तपासणीला उपाशीपोटी यायचं का, हे सगळं अण्णांना पाठ होतं. रात्रीचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. गाडगेबाबांनी हयातीत पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं धर्मशाळा उभारल्या. १९५६ साली ते गेले, पण त्यांच्या नावाच्या मिशननं दादरला बाहेरगावच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय केली. बाबांच्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार आहे, आणि शेवटी दुःखी-निराशांना हिंमत देणंही आहे. अण्णांनी आयुष्यभर धरलं ते हे शेवटचं. डॉक्टर काय म्हणाले, हे ते रुग्णाच्या बायकोला सावकाश, तिच्या भाषेत, दोन-दोनदा समजावून सांगायचे. हे काम पैशांत मोजता येत नाही, म्हणून त्याला चांगली दोन पानं दे.

त्यांची ती खाकी पिशवी घरात असेल, शोध. तिच्यात रेशनकार्डांच्या झेरॉक्स, तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्याचे कोरे अर्ज, औषधांच्या चिठ्ठ्या असायच्या. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हे आमच्या पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा अण्णांना ठाऊक होतं. खाट मिळेपर्यंत ते खिडकीपुढून हलायचे नाहीत. ही माहिती स्मरणिकेत वेगळ्या पानावर छाप. उत्पन्नाची मर्यादा बदलत असते, म्हणून आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून चालू आकडा घे.

ज्यांना मदत झाली त्यांची नावं मात्र छापू नकोस. तुझ्या मसुद्यात तीन नावं आहेत. त्यातल्या एका घरानं हा आजार अजून सोयऱ्यांना सांगितलेला नाही. अण्णांनी ही नावं आजीलाही सांगितली नव्हती. माणसं आपणहून बोलायला आली तर ऐक, लिहून घे, पण छापण्याआधी त्यांची परवानगी घे.

आणि अण्णा रागीट होते, तेही येऊ दे. अंगारे-धुपारे करत सहा-सहा महिने घालवून मग दवाखान्यात आलेल्यांवर ते असे कडाडायचे की अख्खी गल्ली ऐकायची. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीला त्यांच्याच घरासमोर पिशवी घेऊन उभे. मला तो राग त्यांच्या भक्तीइतकाच खरा वाटतो. गुळगुळीत करून लिहिलंस तर गावातल्या कुणाला ते अण्णा वाटणार नाहीत.

आता तुझा शेवटचा प्रश्न. अण्णांची माळ तू घालावीस का? स्मरणिकेच्या भरात ठरवू नकोस. माळ घातली की एकादशी आली, मांस-मद्य सुटलं, पंढरीची वारी आली. तो नेम आहे, आठवण म्हणून गळ्यात बाळगायची वस्तू नव्हे. माळ देवघरात ठेव, ती कुठं जात नाही. चालून बघायचं असेल तर पुण्याहून सासवडपर्यंत ये. पुण्यात पालखीचे दोन मुक्काम असतात, तुझ्या नोकरीतून जमेल. टप्पा तीसेक किलोमीटरचा आहे आणि वाटेत घाट, तेव्हा नव्या चपला घालू नकोस. भिशीचं, म्हणजे दिंडीतल्या जेवणाच्या सोयीचं, मी दिंडीप्रमुखांशी बोलतो.

मजकूर छापखान्यात द्यायच्या आधी आजीला मोठ्यानं वाचून दाखव. त्यांना खटकेल ते वाक्य काढ, कारण विचारू नकोस. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
दिंडीतला काका